५,३०० अक्षरांत ‘जीव घाबरा होणे’

आपल्याकडे नीटमध्ये ७२० पैकी किती गुण पडले, यावर वैद्यकीय प्रवेश ठरतो. डॉक्टर का व्हायचे आहे, हे अर्जात कोणी विचारत नाही. अमेरिकेत एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत कितीही चांगले गुण असले, तरी हे लिहून द्यावेच लागते. बहुतेक एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) महाविद्यालयांच्या ‘ॲमकास’ या सामाईक अर्जात त्या निबंधाला मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. याशिवाय केलेल्या कामांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी द्यायच्या, त्याही प्रत्येकी ७०० अक्षरांत.

न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मुलीने पहिला मसुदा लिहिला तो सातारा जिल्ह्यातील आरोग्य शिबिरावर, जिथे ती सुट्टीत दोन आठवडे गेली होती. मला तो फार आवडला (गावाचे नाव आले होते ना!). तिच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला : यात तू स्वतः काय केलेस? तिने नोंदवहीत नावे लिहिली होती आणि खुर्च्या मांडल्या होत्या; बाकी सारा मसुदा इतरांच्या गरिबीवर आणि तिच्या भरून आलेल्या डोळ्यांवर उभा होता. परदेशातील शिबिरांत अप्रशिक्षित हातांनी उपचार करण्याबाबत अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांना सावधही केलेले आहे, त्यामुळे तिने खुर्च्याच मांडल्या हे एका परीने बरे झाले.

दुसरा प्रसंग लिहायला ती तयारच नव्हती. काही वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे आल्या असताना ती त्यांना तपासणीसाठी घेऊन गेली होती. रक्त उपाशीपोटी द्यायचे म्हणून त्यांनी काही खाल्ले नव्हते, मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. खोलीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “जीव घाबरा होतोय गं.” मुलीने इंग्रजीत सांगितले, आजीला भीती वाटते आहे. डॉक्टर आपुलकीने धीर देत राहिले. अखेर पदर धरलेला हात थरथरताना आणि कपाळावर घाम आलेला पाहून परिचारिकेने बोटाला सुई टोचली. साखर ५४ होती. संत्र्याचा रस पाजल्यावर त्या सावरल्या.

स्वतःची चूक अर्जात कशाला दाखवायची, असे मीही म्हणाले. आपली बाजू पडती दिसू नये, हेच शाळेपासून आमच्या अंगवळणी पडलेले. पण पुढे दोन वर्षे रुग्णालयात स्वयंसेवक असताना, हिंदी येत असूनही ती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाषी म्हणून कधी उभी राहिली नाही, प्रत्येक वेळी फोनवरचा प्रशिक्षित दुभाषी मागवायला लावत असे, आणि त्याचे मूळ त्या दुपारीच होते. हे कळल्यावर माझा विरोध मावळला.

तरीही या प्रसंगाच्या पहिल्या लेखनात अर्धी जागा आजीच्या नऊवारीने आणि थालीपिठाने व्यापली होती. प्रवेश आजीला घ्यायचा नव्हता, म्हणून ते सारे कापले. ‘जीव घाबरा होणे’ मात्र तिने रोमन लिपीत तसेच ठेवले आणि त्याचा अर्थ उलगडण्यात दोनशेहून अधिक अक्षरे खर्ची घातली. फोनवर हे ऐकल्यावर सासूबाईंनी विचारले, “मग थालीपीठ का गं काढलंस?”