कंपालातली आत्या

गेल्या शनिवारी इथे युगांडात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बहिणीच्या क्वांजुलाला गेलो. क्वांजुला म्हणजे आपला साखरपुडा समजा, फक्त भाषणं अंमळ जास्त. मुलीची सेंगा उठली, वरपक्षाच्या घोळक्यातून नवरामुलगा हुडकून काढला, आणि पुढे मांडव तिच्याच तालावर. सेंगा म्हणजे बापाची बहीण. आत्याच की! पण इथल्या बागांडा लोकांत लग्नाआधी शय्येवरचे धडे देणंही सेंगाचंच काम. हे ऐकून मी मुकाट्याने मटोके, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, खाऊ लागलो.

सहकाऱ्याला माझी फजिती कळली. म्हणाला, "लाजतोस काय, आमच्या मकेरेरे विद्यापीठात यावर संशोधन झालंय." सिल्व्हिया तमाले. आडनाव आपल्याकडचंच वाटतं ना? कायद्याच्या प्राध्यापक, 2004 साली तिथल्या विधी विभागाच्या पहिल्या महिला अधिष्ठाता झाल्या. 1945 मध्ये मुलींना प्रवेश मिळेपर्यंत या विद्यापीठाचं ब्रीद 'आपण पुरुष होऊ या' अशा अर्थाचं होतं, हे इथे आवर्जून सांगतो. बाईंचं म्हणणं असं, की सेंगा मुलीला नवऱ्याची मर्जी राखायला शिकवते हे खरं, पण त्याच शिकवणीत बाईला स्वतःचं सुख आणि सत्ताही सापडते. दोन्ही एकदम.

बाईंनी समलैंगिकांनाही समान संधीचं संरक्षण द्या म्हटलं, तर 2003 मध्ये त्यांना 'वर्षातली सर्वांत वाईट बाई' ठरवलं गेलं. त्यांनी माघार घेतली नाही. 2011 मध्ये आफ्रिकी लैंगिकतेवरचा जाडजूड ग्रंथच संपादित केला.

त्यांचं 1999 चं पुस्तक युगांडातल्या महिला खासदारांवर आहे. नाव 'कोंबड्या आरवू लागतात तेव्हा' अशा अर्थाचं. इथे 1989 पासून दर जिल्ह्याला एक महिला खासदार. पण त्या काळी तिला निवडून देणाऱ्या मतदारमंडळात भरणा पुरुषांचाच, मग ती ऋण कुणाचं मानणार, असा बाईंचा सवाल.

हे ऐकून माझा महाराष्ट्राभिमान उसळला. आमच्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना, 2011 पासून! सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मग कारभार कोण बघतं?"

आता काय सांगू? माझी सख्खी आत्या पाच वर्षं सरपंच होती. मोटारसायकलवर पुढे आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. ग्रामसेवकाशी बोलायचे मामा. मी सहकाऱ्याला म्हटलं, "गावात रस्ते मात्र झाले." हे काही उत्तर नव्हे, मलाही कळतं. पण परक्या मुलखात माणूस आपल्या माणसांची बाजू सांभाळतोच, आणि मामा वाईट नव्हते.

रात्री आत्याला फोन लावला. सेंगाचं अर्धंच सांगितलं, उरलेलं सांगायची छाती झाली नाही. सहकाऱ्याचा कारभाराचा सवाल मात्र सांगितला. ती म्हणाली, "बोलू देत होते त्यांना. पण शिक्का माझ्या तूरडाळीच्या डब्यात असायचा. पटलं नाही की मी सापडत नाही म्हणायचे."