आधी बोट, मग बेट

दुपारी जेवण झालं की नकाशा उघडून बसायचा नाद वाईट. झोप राहते बाजूला आणि बोट फिरत फिरत भलतीकडेच जाऊन थांबतं. ग्रीसच्या नकाशावर ते नाक्सोस या मोठ्या बेटाच्या आग्नेयेला थांबू द्यावं, तिथे छोटी बेटं आहेत. इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी; आणि जरा फटकून ईशान्येला दोनूसा. सँटोरिनी बघून आलेल्यांनाही ही नावं सहसा सांगता येत नाहीत. कूफोनिसीला अलीकडे गर्दीची वाट सापडली आहे, त्यामुळे ते मी यादीत शेवटी ठेवतो.

इथे बेट फोटो बघून निवडू नये, वेळापत्रक बघून निवडावं. या बेटांची जुनी सोबतीण म्हणजे ‘एक्स्प्रेस स्कोपेलिटिस’ ही छोटी बोट. एक्स्प्रेसपण नावापुरतंच, स्वभावानं अगदी मुक्कामी एसटी. रात्री आमोर्गोस बेटाच्या कातापोला बंदरात मुक्काम, सकाळी बेटं घेत घेत नाक्सोस, दुपारी परत. रविवारी बहुधा सुट्टी. मेख अशी की दोनूसाला ती रोज जात नाही. नुसती वेळ बघून वार न बघणारे तिथे जास्तीचा मुक्काम करतात. बंदराला लागली की काही मिनिटांतच निघते, तेव्हा बॅगा घेऊन आधीच खाली येऊन उभं राहावं. पोट नाजूक असेल तर मधल्या भागात, जमेल तितकं खाली बसावं. नजारा वरून दिसतो हे खरं, पण वर हेलकावाही जास्त.

कारण वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो, आकाश निरभ्र असतानाच. ऊन लख्ख, आणि बोटी बंद! वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर सहा-सातला वेगवान बोटी थांबतात, आठच्या आसपास मोठ्यांनाही बंदरातून मनाई येते. पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. परतीचं विमान मात्र आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याला तर शेंगेन व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचा कागद जोडावा लागतो, आणि वाऱ्याला व्हिसाची तारीख कोण सांगणार? म्हणून खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात आणि शेवटच्या दोन रात्री नाक्सोस किंवा अथेन्सला ठेवाव्यात. नाक्सोसहून पिरेअस, म्हणजे अथेन्सचं बंदर, मोठ्या बोटीनं पाचेक तास. जून किंवा सप्टेंबर बरा. हिवाळ्यात बोटी कमी आणि खानावळींना कुलूप.

इराक्लियावर एकच काम धरून करावं: आयिओस योआनिसची गुहा. बंदरापासून चालत तास-दीड तास, वाटेत सावली नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी. गुहेचं तोंड इतकं बुटकं की गुडघ्यांवर रांगतच शिरावं लागतं. आत गेल्यावर एकदम दालन उघडतं. मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका, रांगताना दोन्ही हात जमिनीला लागतात. डोक्याला बांधायचा टॉर्च हवा.

स्खिनूसाला फावा खायचा. पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, लिंबू. पहिल्या घासाला फोडणीची आठवण येतेच, तिसऱ्याला येत नाही. दोनूसाला खाण्यापेक्षा इतिहास जास्त: ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटिशांना चुकवत पळणाऱ्या ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाउ’ या जर्मन युद्धनौकांनी इथेच आडोशाला कोळसा भरून घेतला आणि पुढे तुर्कांकडे निघून गेल्या. आज तिथे लोक पोहतात.

रोख युरो जवळ ठेवा, आणि संडासातला कागद पाण्यात न सोडता शेजारच्या डब्यात टाका. नळ्या अरुंद असतात, तुंबल्या की अख्ख्या घराचा खोळंबा.

एवढं करूनही कोणीतरी आपल्या 15 ऑगस्टच्या सुट्टीला जोडून जाणारच. त्याच दिवशी तिकडे मेरीमातेचा मोठा सण असतो आणि निम्मं अथेन्स बेटांवर उतरलेलं असतं. मग कुठलं वेळापत्रक आणि कुठली खोली. नाक्सोसलाच राहा झालं.