नेवाडाच्या रस्त्यावर आपोआप लागलेला ब्रेक

नेवाडा राज्यातून यूएस ५० नावाचा रस्ता जातो. १९८६ साली लाइफ मासिकाने त्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं आणि नेवाडावाल्यांनी ते नाव कौतुकाने पाट्यांवर लावलं. ऑस्टिन आणि युरेका ही त्यावरची दोन लहान गावं. मधलं अंतर ७० मैल, म्हणजे एकशे दहा किलोमीटरच्या वर, आणि त्या टप्प्यात एकही पेट्रोल पंप नाही. आमचं मोटरहोम बंद पडलं ते नेमकं तिथे.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर. झोपायला पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळं आत. आमचं १९९४ चं मॉडेल, ७.४ लिटरचं पेट्रोल इंजिन. चढ नव्हता, वारा नव्हता, तरी गाडी ओढल्यासारखी चालायला लागली. नवऱ्याने अॅक्सिलरेटर आणखी दाबला. तेवढ्यात डॅशबोर्डवर ‘ऑटो पार्क’चा, म्हणजे आपोआप लागणाऱ्या पार्किंग ब्रेकचा, दिवा लागला आणि मला वास आला.

तो वास मी लहानपणापासून ओळखते. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांना तसा वास यायचा, आणि संध्याकाळी बाबांच्या कपड्यांनाही. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या ड्रमला घासणाऱ्या अस्तराचा वास. मी म्हटलं, “अहो, थांबवा. आत्ता थांबवा.”

रस्त्याला लागून सरकारी मोकळी जमीन होती. पश्चिम अमेरिकेत अशा जमिनीचा बराचसा कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी तिथे १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. गाडी जेमतेम कडेला घेतली आणि मग ती हलेचना.

एक पिकअप लगेच येऊन थांबलीच. इकडे वाळवंटात उभी गाडी दिसली की माणसं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्या गृहस्थांनी पाणी हवं का विचारलं, युरेकात टपाल कार्यालय कुठे आहे ते सांगितलं आणि संध्याकाळी परत चक्कर मारतो म्हणाले. मारलीही.

ब्रेकचा ड्रम हात लावण्याजोगा व्हायला दीड तास गेला. त्यावर पाणी ओतायचा मोह होतो, पण तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार पाण्याने तडकू शकतं, म्हणून आम्ही बसून राहिलो. जवळच्या टेकाडावर फोनला रेंज मिळत होती. नेवाडा उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असतं. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे बाबांच्या पहाटफेरीनंतरच्या चहाची वेळ.

मी सगळं सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, “बाळ, हा ब्रेक दाबाने लागतो की दाबाने सुटतो?”

सगळी मेख त्या प्रश्नात होती. आपल्या डोक्यात ब्रेक म्हणजे दाबला की लागतो. चाकांचे पायाने दाबायचे ब्रेक तसेच असतात, आणि ते आमचे ठणठणीत होते. हा पार्किंग ब्रेक त्यांच्यापासून पूर्ण वेगळा. गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर एकच ड्रम असतो. एक जबरदस्त स्प्रिंग केबल ओढून तो ड्रम आवळून धरते. गाडी चालवायची असेल तेव्हा विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब तयार करतो, तो दाब स्प्रिंगला मागे रेटतो आणि ब्रेक सुटतो. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत तेल त्या स्प्रिंगला थोपवून धरतं. दाब गेला की स्प्रिंग जिंकते, मग तुम्ही उभे असा की ताशी ५५ मैलांनी चाललेले असा.

बाबा म्हणाले, “मग आमच्यासारखंच की. आमची हवा, तुझं तेल.” एअर ब्रेकच्या बसलाही हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक लागतो. दोष दिसला तर गाडी थांबलेली बरी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. हा ब्रेक बनवणाऱ्यांनी गाडी सोडून दिली नाही, धरून ठेवली.

एवढं कळल्यावर शोध सोपा झाला. ब्रेक का लागला हे शोधायचंच नव्हतं, दाब कुठे गेला ते शोधायचं होतं.

खाली शिरण्याआधी चारही बाजूंनी चाकांना लाकडी ठोकळे लावले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण या जातीच्या गाडीत गिअरचा लिव्हर ‘पार्क’वर टाकला तरी गिअरबॉक्समध्ये शाफ्ट अडवणारी खुंटी नसते. ऑटोमॅटिक गिअरच्या साध्या मोटारीत ती असते. इथे ‘पार्क’ म्हणजे फक्त हाच ब्रेक. तो सैल केला की कित्येक टनांचं घर नुसतं चाकांवर उभं असतं.

मग आवाज ऐकला. किल्ली फिरवून लिव्हर ‘पार्क’मधून काढला की पंपाने दोन-चार सेकंद घुरघुरून गप्प व्हायला हवं. पंप अजिबात बोलला नाही तर फ्यूज, रिले किंवा मोटर. थांबतच नसेल तर तेल कमी आहे किंवा दाब मोजणारा स्विच गेला आहे. थांबून परत परत सुरू होत असेल तर कुठून तरी दाब झिरपतो आहे. आमचा पंप गप्प होता. फ्यूज चांगला निघाला. नवरा टॉर्च धरून उभा, मी चासीच्या दांड्याखाली आडवी. पंपाच्या ठोकळ्यावर प्रेशर स्विच बसवलेला असतो. त्याचा प्लग ओढला आणि आतून लाल तेलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला.

विजेच्या प्लगमध्ये तेल असायचं काही कारण नाही. स्विच आतून फुटला होता. तेल त्याच्या पोटातून वायरपर्यंत चढलं होतं, टाकीतली पातळी उतरली होती आणि दाब पडल्याची खबर पंपापर्यंत पोचतच नव्हती. या जुन्या गाड्यांचे मालक त्या मूळच्या हिरव्या स्विचला ‘सडका हिरवा स्विच’ म्हणतात. आमचा हिरवाच होता.

आणि गाडी आम्हाला आधी सांगत होती, याचं मला फार वाईट वाटलं. तीन आठवडे सिग्नलला उभं असताना ड्रायव्हरच्या पायाखालून थोड्या थोड्या वेळाने घुर्र असा आवाज यायचा. घरातल्या पाण्याच्या पंपाचाही आवाज तसाच, म्हणून आम्ही नळ घट्ट बंद करत राहिलो.

वायरी थेट जोडून पंप सतत चालवता येईल, असं नवऱ्याच्या मनात आलं. मी नको म्हटलं. कुठे थांबायचं हे पंपाला तो स्विचच सांगतो. त्याऐवजी केबलच्या टोकाचा नट सैल करून ब्रेक सोडवायचा ठरलं. स्प्रिंगचा सगळा ताण त्या नटावर असतो. बाबा फोनवरून सांगत होते, “बोटं मधे नको. अर्धा आटा फिरव, थांब, बघ, मग पुढचा.” जागेवर मोठा पाना नीट बसेना, चाळीस मिनिटं लागली. शेवटी ड्रम हाताने फिरला.

हळूहळू युरेका गाठलं, तिथेही ठोकळ्यांवरच उभे राहिलो. स्विच मागवताना पत्त्याचा प्रश्न आला. इथे त्याला सुंदर उत्तर आहे. पाकिटावर स्वतःचं नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी’ आणि गावाचं नाव लिहायचं. टपाल कार्यालय पार्सल ठेवून घेतं, ओळखपत्र दाखवून न्यायचं. घरच चाकांवर असलेल्या माणसाला या सोयीचा केवढा आधार वाटतो ते मला तिथे कळलं. चौथ्या दिवशी खिडकीतून मुठीएवढी पुडी हातात आली.

नवा स्विच बसवला, प्लगमधलं तेल पुसून काढलं, टाकी भरली. तेल डेक्सरॉन ३, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. ब्रेकचं यंत्र असलं तरी त्यात ब्रेक ऑइल चुकूनही घालायचं नाही, रबरी सील फुगून खराब होतात. केबल पुन्हा ताणली, पण बेताने. फार आवळली तर दाब असूनही लायनर ड्रमला घासत राहतो आणि वास पुन्हा सुरू.

किल्ली फिरवली. पंप तीन सेकंद घुरघुरला आणि थांबला. आम्ही दोघं श्वास रोखून मिनिटभर ऐकत बसलो. शांत.

दहा मैलांवर गाडी थांबवून ठोकळे लावले, खाली वाकले आणि ड्रमला हात टेकवला. कोमट होता.