चार कागदांची फट

मॉडेलची गाडी काचेवर ठेवली आणि पुढच्या डाव्या चाकाखालून उजेड दिसला. चाकाखाली कागदाच्या पट्ट्या सरकवत गेलो. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तीन पट्ट्या सहज गेल्या, चौथी घासत गेली, पाचवी गेलीच नाही. म्हणजे फट ०.४ मिमीची. प्रमाण १:२५, तेव्हा खऱ्या गाडीवर हे चाक जमिनीपासून एक सेंटिमीटर वर. दुसऱ्या दिवशी मॉडेल काचेच्या पेटीत बसवून द्यायचं होतं.

मॉडेल होतं १९६८ च्या सुमाराच्या अमेरिकन टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचं, म्हणजे ‘स्लिंगशॉट’चं. ड्रॅगस्टर ही सरळ, छोट्या पट्ट्यावर धावणारी शर्यतीची गाडी, आणि टॉप फ्युएल हा तिचा सगळ्यात वेगवान वर्ग. हिचं इंजिन चालकाच्या पुढे. चालक मागच्या चाकांच्याही मागे, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीच्या, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या अशाच गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. १९७१ मध्ये ते इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन उतरले, आणि थोड्याच वर्षांत टॉप फ्युएलमधून स्लिंगशॉट हद्दपार झाली. मला ही गाडी मॉडेलसाठी सगळ्यात आवडते, कारण हिच्यात काही लपत नाही. बॉनेट नाही, रेडिएटर नाही, दारं नाहीत. नळ्यांचा सांगाडा, त्यात उघडं इंजिन, आणि दोन टोकांना चाकं. चूक झाली की ती उघड्यावर असते.

असं एक चाक वर राहिलं की पहिला मोह होतो पुढचा ॲक्सल किंचित वाकवण्याचा. बोटाच्या दाबाने दोन मिनिटांत चाक काचेला टेकतं. पण मग चाक तिरकं दिसतं. सायकलीसारखी बारीक तारांची चाकं ती, समोरून बघणाऱ्याच्या नजरेत लगेच येतं. शिवाय दोष ॲक्सलमध्ये आहे हे ठरलं कुठे? चार पायांचं टेबल डुगडुगतं तेव्हा उचललेला पायच आखूड असतो असं नाही. समोरचा, तिरक्या कोपऱ्यातला पायही आखूड असू शकतो. ड्रॅगस्टरमध्ये तर इंजिन चालकाच्या पुढे असलं तरी मागच्या चाकांजवळ आणि रुंद टायरही मागे असल्याने सगळं वजन मागे. त्यामुळे मागची दोन्ही चाकं नेहमी टेकलेली दिसतात आणि दोष कुठेही असला तरी फट दिसते पुढे.

खरी गाडी एक सेंटिमीटर सहज पचवते. तिचा सांगाडा मुद्दाम लवचिक ठेवलेला असतो आणि सहाशेएक किलो वजन त्याला जमिनीवर बसवतं. मॉडेलमध्ये लांबी २५ पटीने कमी होते, तर वजन २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पटीने. सहाशे किलोचे झाले जेमतेम ३८ ग्रॅम. आमचं मॉडेल पितळेमुळे थोडं जड होतं, तरी तेवढ्या वजनाने पितळी नळी दबत नाही. सांगाडा जसा बनला तसाच उभा राहतो.

एकेक शक्यता खोडायला घेतली. आधी चाकं. मागच्या दोन्ही टायरचा व्यास व्हर्नियरने तीन-तीन ठिकाणी मोजला, फरक ०.०५ मिमीच्या आत. पुढची चाकं डावी-उजवी बदलली, फट डावीकडेच राहिली. पुढचा ॲक्सल काढून काचेवर लोळवला, सरळ लोळला. मागचाही तसाच.

उरला सांगाडा. मुख्य नळ्या १.६ मिमीच्या पितळी, आडव्या-तिरक्या नळ्या १ मिमीच्या. एमडीएफच्या पाटावर नकाशा चिकटवून, दोन्ही बाजूंना खिळे मारून नळ्या जखडल्या होत्या आणि मग डाख दिला होता. डाख एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे देत गेलं की तापलेली बाजू ओढली जाते आणि पाटावरून काढताच सांगाडा पिळवटतो. म्हणून एक सांधा पुढे डावीकडे, पुढचा मागे उजवीकडे, मधे गार होऊ द्यायचं, असा क्रम ठेवला होता. रंगाआधी हाच सांगाडा याच काचेवर तपासला होता आणि तो चारही बिंदूंवर टेकला होता. म्हणजे जे बिघडलं ते रंग आणि जोडणी यांच्या दरम्यान.

आता इंजिन काढण्याशिवाय इलाज नव्हता, आणि इंजिनाला तोपर्यंत सगळी वायरिंग झालेली होती. इंजिन क्रायस्लरचं ३९२ घन इंचाचं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं. वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. हा मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा. त्याच्यावर इंधनाचा इंजेक्टर. मागे प्लगना ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो, तिथून आठ प्लगच्या तारा. ३९२ ला मॅग्नेटो मागे असतो, पुढच्या काळातल्या ४२६ हेमीला पुढे. एका किटचं इंजिन दुसऱ्या गाडीत वापरताना हे हमखास चुकतं, आणि जाणकार माणूस सगळ्यात आधी तेच बघतो.

तारांचं आणखी एक. इग्निशनचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डावीकडचे सिलिंडर, सम आकडे उजवीकडचे. म्हणजे मॅग्नेटोच्या टोपीवर क्रमाने फिरलं तर तारा जातात डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी. टोपीच्या अर्ध्या भागातून चार तारा डावीकडे आणि उरलेल्या चार उजवीकडे वळवल्या की दिसतं फार नीटनेटकं, पण असं इंजिन चालणार नाही. खरी तार ७ ते ८ मिमी जाडीची, म्हणून मॉडेलसाठी प्लास्टिक आवरणासकट ०.३ मिमीची वायर आणि ०.३५ मिमीच्या ड्रिलने पाडलेली भोकं. हेमीचे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असतात, तेव्हा भोकं तिथे, एका ओळीत चार. ही ड्रिल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरायच्या मुठीत, धरून हातानेच फिरवायची. मशीनवर तिसऱ्या भोकाला तुटते आणि तुटलेला तुकडा भोकातच राहतो.

त्या दिवशी एक गोष्ट उपयोगी पडली. इंधनाची नळी आणि तारांची टोकं सुपर ग्लूने न चिकटवता पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवलेली होती. सुपर ग्लूची वाफ क्रोमवर पांढुरकी बसते म्हणून आम्ही ते टाळतो. फेव्हिकॉलचा दुसरा फायदा असा की कोमट पाण्यात बुडवलेला बारीक ब्रश दहा मिनिटं धरला की सांधा मऊ पडतो. नाकाजवळच्या टाकीतून पंपाकडे येणारी ०.५ मिमीची नळी पंपाच्या टोकाला सोडवली, परत जाणारी नळीही तशीच. प्लगच्या आठ तारांना हात लावावा लागला नाही, कारण मॅग्नेटो इंजिनावरच असतो आणि इंजिनाबरोबरच उचलला जातो. तरी एक तार ओढली गेलीच. सात नंबरची, काउलला, म्हणजे चालकापुढच्या पत्र्याला, घासून. एक्झॉस्टचे आठही पाइप २ मिमीच्या सोल्डर तारेचे, टोकं १.५ मिमीने पोकळ केलेली. ही तार मऊ असते, बोट लागलं की कोन बदलतो. म्हणून इंजिन धरायचं ते ब्लोअरच्या खाली, ब्लॉकला.

इंजिन बाहेर आलं आणि रिकामा सांगाडा काचेवर ठेवला. फट गायब.

इंजिन सांगाड्यात चार पत्र्यांवर बसतं. दोन पुढे, दोन मागे, प्रत्येकात ०.८ मिमीची पितळी पिन. आधी फक्त पुढच्या दोन पिनांवर इंजिन टेकवलं, फट नाही. मागचं उजवं दाबलं, नाही. मागचं डावं दाबून बसवलं आणि पुढचं डावं चाक काचेवरून उठलं. भिंगाखाली त्या पत्र्याच्या आतल्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ दिसला. लाल रंगावर लाल ओघळ, त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. मोजला तर ०.२ मिमी.

हिशेब जुळत होता. इंजिनापाशी दोन मुख्य नळ्यांमधलं अंतर २२ मिमी. त्यावर ०.२ मिमीचा उंचवटा आला की सांगाडा तेवढ्या कोनात पिळला जातो. पुढच्या चाकांमधलं अंतर ४० मिमी. ०.२ भागिले २२ गुणिले ४० म्हणजे ०.३६ मिमी. चौथा कागद घासत का गेला तेही कळलं.

ओघळ आला पावसाळ्यामुळे. हवेत दमटपणा असला की लॅकर सुकताना पांढुरका धुरकट पडतो, म्हणून क्लिअर पुढे ढकलत गेलो आणि एका कोरड्या दुपारी तीन पातळ हातांऐवजी एकच जाड हात मारला. सांगाडा मागच्या टोकाला तार बांधून टांगलेला होता, रंग कोपऱ्यात साचला. रंगाआधी चारही पत्र्यांवर मास्किंग टेपचे २ मिमीचे तुकडे लावले असते तर मुळात तिथे रंगच गेला नसता. आता ते आमच्या यादीत रंगाच्या आधीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. इंजिनाखाली जाणाऱ्या पृष्ठभागावर रंग लागतच नाही.

ओघळ सपाट, छिन्नीसारख्या टोकाच्या ब्लेडने खरवडला. कानस वापरली नाही. कानशीचा कीस ओल्या फेव्हिकॉलला चिकटतो आणि तिचं टोक शेजारच्या नळीचा रंग घेऊन जातं. बाकीच्या तीन पत्र्यांवरचा रंगही पितळ दिसेपर्यंत काढला. एकाच पत्र्याचा काढला असता तर तोच आता खाली गेला असता आणि फट उजवीकडे आली असती.

इंजिन परत बसवलं, कोरडंच, पिनांवर. चारही चाकांखाली कागदाची एकेक पट्टी ठेवून हलकेच ओढली, चारही अडकल्या. मग पिनांना दोन मिनिटांत न सेट होणारं, हळू घट्ट होणारं इपॉक्सी लावलं, म्हणजे सरळ करायला वेळ मिळतो. मॉडेल रात्रभर काचेवर ठेवलं आणि इंजिनावर वजन मुद्दाम ठेवलं नाही, कारण वजनाखाली सुकलेला सांगाडा वजन काढल्यावर परत उठू शकतो.

सकाळी पुन्हा कागद लावून पाहिला. इंधनाच्या नळ्या जोडल्या, सात नंबरची तार टोपीत नव्याने बसवली, आणि पेटीच्या तळाशी आरसा लावायचा ठरलेला होता तो लावला.