गाठ निम्म्यावरच का अडते: वडाच्या चिकाचं कोडं

दोरावरून झाड चढताना गाठ मध्येच अडते, याचा मागच्या नोंदीत नव्या कॉर्डवर (दोराभोवती ही गाठ मारायची आखूड दोरी) ठेवलेला ठपका मागे घेतो. कॉर्ड निर्दोष आहे. दोष वडाच्या चिकाचा आहे, आणि त्याहून जास्त दोर फांदीवरून नेण्याच्या आमच्या पद्धतीचा. तीन आठवडे यात गेले, म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्याच एका अडचणीवर आहे.

जोडणी तीच: ११.७ मिलिमीटरचा २४ पदरी पॉलिएस्टर दोर, दोन्ही टोकांना डोळे शिवलेली १० मिलिमीटरची ७५ सेंटिमीटर कॉर्ड, व्हीटी गाठ (भार आला की दोर धरणारी, भार गेला की सरकणारी घर्षणगाठ) ४ वेढे ३ विणी, खाली गाठ वर ढकलणारी हिच क्लाइंबर पुली. दुहेरी फिरता दोर, म्हणजे एक टोक कमरेला, दोर वर फांदीवरून जाऊन पुन्हा खाली कमरेच्या गाठीत. अँकर, म्हणजे दोर टेकलेली फांदी, जमिनीपासून १४ मीटरवर, जुन्या बंगल्याच्या आवारातल्या वडावर. पहिले सहा-साडेसहा मीटर गाठ लोण्यासारखी सरकते. सात मीटरच्या आसपास ती जड होते, पुली खालून ढकलते तरी वेढे उघडत नाहीत, आणि आणखी दोन-तीन हात वर गेलं की हाताने ओढूनही हलत नाही. कडुनिंबावर किंवा विलायती शिरीषावर हाच संच दिवसभर चालतो.

आधी कॉर्ड बदलली. त्याच लांबीची जुनी, मऊ झालेली लावली, तरी तेच. मग संशय पावसाळी दमट हवेवर. पण पॉलिएस्टर हवेतला ओलावा जेमतेम ०.४ टक्के घेतं. नायलॉन चारेक टक्के घेतं आणि ओलं झालं की कडक होतं. दोर नायलॉनचा असता तर ही शंका धरून ठेवण्यासारखी होती. शिवाय हवा खाली आणि वर सारखीच, मग गाठ वरच का अडावी?

तिसरा प्रयोग वेढे कमी करण्याचा, आणि खरा धागा तिथेच सापडला. ३ वेढे घेतले तर जमिनीपासून मीटरभर उंचीच्या चाचणीत गाठ घसरायला लागली, बसताना बोटभराऐवजी वीतभर खाली येऊ लागली. आणि तीच घसरणारी गाठ वर गेल्यावर पुन्हा अडली. एकच गाठ खाली सैल आणि वर घट्ट, म्हणजे खालचा दोर आणि वरचा दोर एकसारखे नव्हते.

मग दोर फांदीला जिथे टेकला होता तिथे, चढण्याआधी, पांढऱ्या दोऱ्याचे चार फेर गुंडाळून खूण केली. ती खूण गाठीपाशी आली ती सात मीटरला थोडं कमी असताना.

कागदावर मांडलं तर सरळ आहे. दुहेरी फिरत्या दोरात तुम्ही १ मीटर वर गेलात की गाठीतून २ मीटर दोर जातो आणि फांदीवरून १ मीटर. फांदीवरून गेलेला दोर दुसऱ्या बाजूने खाली, म्हणजे गाठीकडेच येतो. अँकरच्या बरोबर निम्म्या उंचीवर गाठीला फांदीवर टेकलेला पहिला भाग भेटतो, आणि तिथून पुढे तिच्यात जाणारा प्रत्येक सेंटिमीटर फांदीवरून घासून आलेला असतो. १४ मीटरच्या अँकरला ७, १० मीटरच्या अँकरला ५. गाठ कमरेपेक्षा हातभर वर असते म्हणून प्रत्यक्षात किंचित आधी. शेजारच्या बुटक्या वडावर १० मीटरचा अँकर घेऊन ताडून पाहिलं: पाचच्या अलीकडे गाठ जड व्हायला लागली. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

फांदीवर घडतं ते असं. वडाची साल दिसायला जाड, पण चिकाच्या नलिका आतल्या सालीत असतात आणि भाराखालचा फिरता दोर साल करवतीसारखी कापतो. चीक दोरावर येतो तेव्हा पातळ, दुधासारखा, हाताला जाणवतही नाही. गाठीत दाब आणि घर्षणाची ऊब मिळाली की त्यातलं पाणी जातं आणि उरतो रबर. ते वेढ्यांच्या मध्ये बसतं. पिंपळ, उंबर, फणस, सगळ्यांशी हेच होणार. कडुनिंबावर न होण्याचं कारण एवढंच.

वर गाठ पूर्ण अडली तर काय करायचं हे मागे विचारलं गेलं होतं. लाथ मारून किंवा उसळ्या घेऊन सोडवू नका, त्याने वेढे आणखी आवळतात. आणि ताणाखालच्या दोराजवळ करवत न्यायचीच नाही. आधी फ्लिपलाइन (कमरेचा आखूड आधारदोर) फांदीभोवती घालून दुसरा आधार घ्या. मग गाठीच्या वर ८ मिलिमीटरच्या वळ्याचा प्रुसिक (दोरीच्या वळ्याची साधी घर्षणगाठ) बांधून त्याला पायरिकीब (पाय ठेवायचा फास) जोडा, तीत उभे राहा, गाठीवरचा भार शून्यावर आणा आणि वरचे वेढे एकेक करून अंगठ्याने खाली ढकला. भार नसेल तर अडलेली व्हीटीही मिनिटाभरात सुटते. म्हणून प्रुसिकचा वळा आणि पायरिकीब कमरेलाच असावी, जमिनीवरच्या पिशवीत नव्हे. व्हीटीऐवजी ब्लेकची घर्षणगाठ वापरणाऱ्यांना हे अवघड जातं, कारण तिचा भार एकाच शेपटीच्या दोन वेढ्यांवर जास्त येतो आणि तिथेच ती तापून चकाकते. प्रोहास्काने १९८१ मध्ये डोंगर-वाटाड्यांसाठी आणि ब्लेकने १९९४ मध्ये झाडवाल्यांसाठी, दोघांनी वेगवेगळी शोधलेली ही गाठ. चिकाची काळजी दोघांपैकी कोणाला करावी लागली असेल असं वाटत नाही.

उपाय पहिला: एकेरी स्थिर दोर. दोर फांदीवरून फिरतच नाही, म्हणून चिकट तुकडा शेवटपर्यंत गाठीच्या वरच राहतो. खोडाशी बांधून केलं. व्हीटीवर रोप रेंच (दोराला वाक देऊन गाठीवरचा भार हलका करणारं साधन) लावावाच लागतो, कारण एकेरीत गाठीवर अर्धा नव्हे, पूर्ण भार येतो. दुसरी गोष्ट, खोडाशी बांधलेल्या दोरात फांदीवर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो: ८० किलोचा माणूस म्हणजे फांदीला १६० किलो, हिसके वेगळे. आधी दोघांनी मिळून जमिनीवरून लटकून पाहणं इथे सक्तीचं. सुटी लोंबणारी पारंबी दोराच्या कवेत आली असेल तर ती आधी बाजूला काढा, नाहीतर भार फांदीवर आहे असं वाटतं आणि असतो पारंबीवर.

चढाई अप्रतिम झाली. गाठ एकदाही रुसली नाही. मग दोर खाली ओढला आणि सगळ्यावर पाणी पडलं. दोरात उसळ्या बसून फांदीवर एकाच जागी साल चेपली होती, आणि ओढताना दोराचा पंधरा-सोळा मीटर भाग त्या ओल्या जखमेवरून आला. आधी गाठ अडेपर्यंत सात-आठ मीटर दोर चिकट व्हायचा, आता त्याच्या दुप्पट.

उपाय दुसरा: एक मोठी आणि एक लहान अशा दोन कड्यांचा पट्टा. पट्टा सालीला टेकतो पण हलत नाही, दोर फक्त कड्यांतून फिरतो. १४ मीटर पूर्ण, गाठ खालून वरपर्यंत एकसारखी, तीन चढाया. इतक्या दिवसांनी पुली गाठ ढकलते आहे हे पाहायला बरं वाटलं. उतरवताना लक्षात ठेवायचं: पट्टा काढायचा गोळा दोराच्या मोठ्या कडीच्या बाजूच्या टोकाला, म्हणजे तो मोठीतून पार होऊन लहान कडीत अडकतो आणि लहान कडीला ओढून पट्टा फांदीवरून काढतो. उलटं केलंत तर गोळा पहिल्याच कडीत अडेल. गोळ्याच्या मागे थ्रोलाइन (बारीक फेकदोरी) बांधा, नाहीतर धातूच्या कड्या थेट खालच्याच्या डोक्याकडे येतात. हेल्मेट खालच्यालाही.

तिसऱ्या चढाईनंतर पट्टा फांदीवरून सुटला आणि मोठी कडी पारंब्यांच्या जुडग्यात (इथली गुजराती मंडळी वडवाई म्हणतात) अडकली. थ्रोलाइनने उलट ओढून, पाच पावलं बाजूला जाऊन पुन्हा ओढल्यावर निघाली. चूक आमची: पट्टा लावताना फक्त चढायची बाजू पाहिली, पडायची नाही. मोठी कडी मोकळ्या बाजूला यायला हवी.

सफाईबद्दल थोडक्यात. ताजा चीक थंड पाण्याने निघतो, म्हणून खाली उतरल्या उतरल्या दोर बादलीत. वाळलेला चीक नायलॉनच्या ब्रशने आणि अंगठ्याने गोळ्या करून काढायचा, मग ३० अंशांच्या आतलं पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवण. फणस चिरताना हाताला तेल लावतात तसं दोराला तेल लावायची कल्पना एकाने मांडली. चिकटपणा जातो हे खरं, पण तेल पदरांत राहतं आणि गाठ घसरते; अडलेली गाठ परवडली, घसरलेली नाही. पेट्रोल-रॉकेलचंही नाव काढू नका. कॉर्डचा जो भाग कडक आणि काचेसारखा चकाकतो तो धुऊन परत येत नाही, ती कॉर्ड बाद. बदली कॉर्ड घेताना आवरण अरामिडचं (उष्णता सोसणाऱ्या धाग्याचं) आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. डायनिमा ताकदीला उत्तम, पण साधारण १५० अंशांना वितळतं, घर्षणाच्या गाठीत त्याचं काम नाही. आम्हाला एका विक्रेत्याने डायनिमाची कॉर्ड ‘त्याहून भारी’ म्हणून पाठवली होती, ती आता थैल्या बांधायला आहे.

बडोद्याच्या झाडांवर आणखी एक गोष्ट: उत्तरायणाचा मांजा. जानेवारीचा मांजा पावसाळ्यातही शेंड्यात सापडतो, आणि चिकट दोराला काचेची पूड घट्ट बसते. दोर पुसताना उघडा हात नको, मोजे घाला, आणि आवरणात चमचमणारे कण दिसले तर तेवढा भाग ब्रशने झाडून मगच गाठीत घ्या.

पुढच्या आठवड्यात दुसरा पट्टा मागवायचा बेत होता. हे लिहितानाच तो बदलला. एकेरी दोराची चढाई जर इतकी सुरेख आहे आणि अडचण फक्त चेपलेल्या सालीची आहे, तर दोराला फांदीवर म्यान का नको? बाद झालेल्या ६३ मिलिमीटरच्या अग्निशामक होजचा ७० सेंटिमीटर तुकडा. सपाट केला की तो साधारण १० सेंटिमीटर रुंद होतो. एका कडेपासून ४ सेंटिमीटरवर उभी शिवण मारली की दोराला अरुंद नळी मिळते आणि उरलेला पदर सालीवर पसरून बसतो. म्यान दोरावर बारीक प्रुसिकने धरून थ्रोलाइनने फांदीपर्यंत चढवायचं. भार त्याच्यावर नाही, ते फक्त मध्ये आहे, म्हणून शिवण फाटली तरी माणूस पडत नाही. परत ओढताना म्यान आधी सुटेल, पण तोवर सालीला जखमच नसेल.

मांडवीजवळच्या हार्डवेअरवाल्यांकडे फक्त नवा होज मिळतो, तोही पूर्ण गुंडाळीच्या हिशेबात. कोणाच्या सोसायटीत जुना काढून ठेवला असेल तर आतलं रबर सुटलंय का तेवढं बघून कळवा. सुटलेलं असेल तर नको, ते दोराला लागेल.