दस्त्यातली बाटली

दुपारपासून तीनदा हात धुऊन झाले, तरी बोटांना जवसाच्या तेलाचा वास येतोच आहे. शर्वरीने जेवताना विचारले, "बाबा, आज एवढे गप्प का?" तेव्हा मी दमल्याचे सांगितले. ते खोटे होते. व्याह्यांच्या तळघरातून वर आल्यापासून माझे काहीतरी बिनसले आहे, आणि ते नेमके काय हे लिहून काढल्याशिवाय आज झोप लागेल असे वाटत नाही.

झाले ते इतकेच. व्याह्यांनी त्यांच्या जुन्या लष्करी रायफली दाखवल्या. एकूण एकोणीस, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली एकेका नातवंडाच्या नावाची चिठ्ठी. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी अमेरिकेत संग्राहकाला वेगळा परवाना मिळतो आणि त्याला आवक-जावक वही ठेवावी लागते. ती वही त्यांनी आमच्या गावच्या तलाठ्याला लाजवील अशा अक्षरात ठेवली आहे. कोणती रायफल कोणाकडे जायची हे मृत्युपत्रात लिहून झाले आहे. आमच्या मीराच्या वाट्याला, ती अठरा वर्षांची झाल्यावर, इशापूरची थ्री नॉट थ्री यायची आहे. "तिच्या आईच्या देशात बनलेली आहे, म्हणून," असे सांगून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. ती कौतुकाने ठेवली होती, हे मला कळत होते.

तरीही मला राग आला. निदान तेव्हा तो रागच वाटला, आणि त्याला कारणेही भराभर सुचली. नऊ वर्षांच्या मुलीचे नाव बंदुकीला कसले बांधता? जिला शाळेत, गोळीबार झालाच तर म्हणून, दिवे मालवून, दाराला कडी लावून, कोपऱ्यात श्वास रोखून बसण्याचा सराव करावा लागतो, तिला वारसा म्हणून... पण त्याविषयी आज लिहिणार नाही. ते खरे असले, तरी आज मला बोचत होते ते ते नव्हते, आणि बोचणाऱ्या गोष्टीवर चांगल्या कारणाचे पांघरूण घालण्याची माझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

रायफल हातात आल्याबरोबर माझ्या टाचा जुळल्या. एनसीसीत आम्हाला नळीला भोक पाडून निकामी केलेली कवायतीची थ्री नॉट थ्री मिळत असे. त्या गोष्टीला पन्नास वर्षे झाली, पण चार किलोंचे ते वजन हाताला आठवत होते. बोल्टच्या मागे, दस्त्याच्या मानेवर, मुकुट कोरलेला, त्याखाली जी.आर.आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, त्याखाली इशापूर आणि 1942. कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या कारखान्यात घडलेली ही वस्तू. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे, हे व्याह्यांनी मला दोनदा दाखवले. क्रमांक जुळले नाहीत तर संग्राहकांच्या लेखी रायफल दुय्यम ठरते. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला जादा स्क्रूही दाखवला. तो हिंदुस्थानी डागडुजीची खूण असतो आणि तिकडचे हौशी लोक त्याला 'इशापूरचा स्क्रू' म्हणूनच ओळखतात. मी मान डोलावत होतो आणि मनात एकच म्हणत होतो, की हे मला यांनी का सांगावे?

आबा, म्हणजे माझे आजोबा, बेळगावला भरती झाले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीपर्यंत गेले. सेनिओ नदीच्या काठी 9 एप्रिल 1945 रोजी नामदेव जाधवांनी जखमींना पाठीवर घेऊन बांध ओलांडला, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ते शंभरदा सांगत. स्वतः काय केले ते एकदाही सांगितले नाही. मी विचारले की म्हणत, "पाणी गार होते." परत आले ते पेन्शनचे बुक आणि कांबळे घेऊन. रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा झाली, कारण ती जमाच व्हायची असते. ज्या सरकारने दहा गोळ्यांची रायफल हाती देऊन त्यांना इटलीत पाठवले, त्याच सरकारच्या 1878 च्या कायद्याने त्यांना गावात विनापरवाना साधी बंदूकही बाळगू दिली नसती. पुढे स्वराज्यात 1959 चा कायदा आला, तरी थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला निषिद्धच राहिली.

आणि व्याह्यांच्या भिंतीवर पहिली कोणती, तर त्यांच्या वडिलांनी पॅसिफिकमधून आणलेली जपानी आरिसाका, नळीच्या मुळाशी सोळा पाकळ्यांचे सम्राटाचे शेवंतीचे फूल अजून शाबूत असलेली. अमेरिकन सैनिकाला शत्रूची रायफल वरिष्ठांच्या सहीचा कागद जोडून घरी नेता येत असे. तो कागदही त्यांनी चौकटीत घालून ठेवला आहे. त्यांच्या वडिलांना शत्रूची रायफल मिळाली, आमच्या आबांना स्वतःचीही नाही. आबांची म्हणता येईल अशी रायफल मिळाली तीही या गृहस्थांनाच, जे कधी हुगळीच्या पलीकडे नव्हे, अलीकडेही गेलेले नाहीत.

तर हा हेवा आहे. राग नाही, काळजी नाही, तत्त्व तर मुळीच नाही. ज्या माणसाने माझ्या मुलीला स्वतःच्या लेकीसारखे वागवले, त्याचा सदुसष्टाव्या वर्षी मला हेवा वाटतो आहे, आणि तोही ज्या वस्तूला मी घरात ठेवूही दिले नसते, तिच्यासाठी.

पण तेही पुरते खरे नाही. रायफल मी कदाचित दिवाणावर ठेवून वर चढून आलोही असतो. तेवढ्यात मीराने दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवरचे लहानसे झाकण नखाने उघडले, आणि आतून नळी पुसायची दोरी आणि तिच्यामागून एक पितळी कुपी बाहेर आली. तर्जनीएवढी, फिरकीच्या झाकणाची, झाकणाला आतून तेल घ्यायचा चिमुकला चमचा असलेली.

ती कुपी मी ओळखत होतो. ती आजीच्या शिवणयंत्राच्या खणात असे. आजी त्या चमच्याने यंत्राच्या भोकाभोकांत एकेक थेंब सोडी, आणि कुपी यंत्राबरोबरच आली असावी अशी आम्हा भावंडांची समजूत होती. मी झाकण उघडून मीराला थेंब कसा सोडायचा ते दाखवले, तेव्हा व्याही चकित झाले; त्यांना वाटले, मला शस्त्रांतले बरेच कळते.

1994 साली गावचे घर रिकामे केले, तेव्हा बंब, तपेली, परात असे सगळे पितळ मोडीत घातले. वजन काट्यावर किंचित कमी भरत होते, म्हणून शिवणयंत्राच्या खणातली कुपी मीच वर टाकली. कोणी सांगितले नव्हते. दुकानदार म्हणालाही, "राहू द्या साहेब, एवढ्याशाने काय होते?"

संध्याकाळभर मला स्वतःची फार कीव येत होती. आता रात्री अकरा वाजता थोडे हसू येते आहे. कारण ती कुपी घरी आली कशी? शस्त्रासोबत तीही कोतात जमा व्हायला हवी होती. म्हणजे बाजाराच्या हिशेबात दोन आणे कमी भरले म्हणून मला अंगणात उभे करणाऱ्या आमच्या आबांनी सरकारी माल खिशात घातला होता. आजोबांनी उचलली, आजीने वापरली, नातवाने पासंगाला विकली: आमच्या घराण्यातली लष्करी वारशाची परंपरा ती एवढी. तिला ना वही, ना चिठ्ठी.

निघताना मी धीर करून व्याह्यांना विचारले, "रायफल राहू द्या, पण ही एवढी बाटली मला द्याल का?" अंगातला कोट काढून देणारा माणूस, पण चेहरा पडला. बऱ्याच वेळाने, फार संकोचून म्हणाले, की त्या काळातली पितळी बाटली त्यांना दोन वर्षे शोधून मिळाली, तिच्यावाचून संच अपुरा राहील, तेव्हा ती रायफलीबरोबरच जाईल. वहीतही दोन्ही एकाच ओळीत आहेत.

मीराचे नाव त्या यादीतून काढायला सांग, असे मी शर्वरीला आज जेवणानंतर सांगणार होतो. वाक्यही जुळवून ठेवले होते. ती भांडी आवरत असताना मी तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि पाणी पिऊन परत आलो.

झाकणाखालचे चामड्याचे वायसर वाळून आखडले आहे, हे व्याह्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. उद्या फोन करून सांगायला हवे, नाहीतर तेल झिरपून लाकडात उतरेल.