व्यालेल्या माद्या आणि आजींचा शेपू

एप्रिल महिन्यात माण तालुक्यातील एका तरुण ससेपालकाचा फोन आला. एकाच आठवड्यात व्यालेल्या माद्यांपैकी एका रांगेतील माद्यांना दूध नाही आणि त्यांची पिल्ले मरत आहेत, अशी त्याची तक्रार होती. ही तक्रार पशुवैद्याच्या कानावर वारंवार येते आणि पुष्कळदा ती खोटी ठरते. याचे कारण असे की, सशाची मादी चोवीस तासांत साधारणपणे एकदाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, तीन ते पाच मिनिटे पिल्लांना पाजते आणि एरवी घरट्याच्या पेटीकडे फिरकतही नाही. म्हणून मी आधी आईकडे नव्हे, पिल्लांच्या पोटाकडे पाहतो. पाजलेल्या पिल्लाच्या पातळ कातडीतून दुधाने भरलेले जठर पांढरे दिसते. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली असते आणि पेटीवर हात नेताच ते मान उंचावून धडपडू लागते.

येथे तक्रार खरी निघाली. घराच्या बाजूच्या रांगेतील पिल्ले टम्म होती, तर पलीकडच्या रांगेतील बहुतेक रिकामी. दोन्ही रांगांत जात सोव्हिएट चिंचिला, शेड एकच आणि गोळीखाद्यही एकाच पोत्यातले. फरक मालकाच्या आजींकडून कळला. माद्या व्याल्यापासून त्या घराजवळच्या रांगेला शेपू, मेथी आणि थोडा लसूणघास घालत होत्या; गुडघे दुखत असल्यामुळे दूरच्या रांगेपर्यंत त्यांचे जाणे होत नव्हते. "बाळंतिणीला शेपू लागतोच की डॉक्टर, माणूस काय नि ससा काय," असे त्या ठामपणे म्हणाल्या.

मी प्रत्येक पिंजऱ्यातील निपलची, म्हणजे सशांना पाणी पिण्यासाठी पाइपलाइनला बसवलेल्या तोटीची, पिन दाबून पाहिली. बोअरच्या जड पाण्यातील क्षार साचल्यामुळे जवळच्या रांगेत पाणी थेंबथेंब येत होते आणि दूरच्या रांगेत, जिथे पाइपलाइन संपते, तिथे जवळजवळ येतच नव्हते. पिल्लांना पाजणारी मादी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभराच्या आसपास पाणी पिऊ शकते. ते न मिळाल्यास ती आधी गोळीखाद्य सोडते, मग दूध आटते. ताज्या शेपू-मेथीत मात्र सुमारे ८५ टक्के पाणीच असते. पिंजऱ्यांची युनिटे विकणाऱ्यांनी या मुलाला हिरव्या चाऱ्याने हगवण लागते म्हणून केवळ गोळीखाद्य द्यावे असे बजावले होते, पण निपल रोज दाबून पाहावा हे कोणीही शिकवले नव्हते. त्यांच्या प्रशिक्षणात विक्री अधिक आणि पशुपालन कमी असते, असे माझे मत आहे.

हगवणीची भीती अगदीच निराधार नाही. चारा एकाएकी बदलला की सशाच्या अंधांत्रातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील) जिवाणूंचा समतोल बिघडतो, पोट फुगते, आणि सशाला उलटी करता येत नसल्यामुळे हे दुखणे झपाट्याने जिवावर बेतते. म्हणून आजींना मी पाला धुऊन, पाणी निथळून, मूठभरापासून सुरुवात करून वाढवत नेण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, एवढेच.

उपाशी पिल्लांपैकी ज्यांच्यात धुगधुगी होती, ती जवळच्या रांगेतील, पिल्ले कमी असलेल्या पेट्यांत वाटून दिली. मादीला साधारणतः आठ सड असतात, त्यामुळे एकीखाली त्याहून अधिक पिल्ले ठेवली नाहीत; पाहुण्या पिल्लांना त्या पेटीतील लोकर चोळून तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवले. दूरच्या माद्यांसमोर पाण्याची मातीची भांडी ठेवली आणि पाइपलाइन साफ करवून घेतली. पुढील दोन दिवसांत त्यांच्या पेट्यांतील उरलेल्या पिल्लांची पोटेही पांढरी दिसू लागली.

पाण्याचे निदान बरोबर होते, असे मी आनंदाने लिहिले असते. परंतु मी निघाल्यावर त्याच संध्याकाळी नातवाने आजींच्या सांगण्यावरून दूरच्या रांगेलाही शेपूच्या पेंढ्या घातल्या होत्या. त्यामुळे दूध पाण्याने आले, शेपूतील पाण्याने आले, लसूणघासातील प्रथिने आणि कॅल्शियमने आले की बाळंतिणीच्या आहारात शेपूला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या मानात खरोखरच काही तथ्य आहे, हे या प्रकरणातून सिद्ध करता येत नाही. सर्वाधिक वजन मी पाण्याच्याच पारड्यात टाकतो. मात्र घराजवळच्या रांगेतही पाणी अपुरे असताना पिल्ले इतकी टम्म कशी राहिली, याचे पाण्यापुरते उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पुढच्या विताला पाण्याची सोय पूर्ण ठेवून एका रांगेला शेपू आणि दुसरीला केवळ लसूणघास द्यावा, असे मी मालकाला सुचवले आहे. तो तयार आहे, आजी नाहीत.